फ्रीझरमधलं औषध आणि यीस्टचा जीन

आपल्या मुळशीत, पिरंगुटजवळच्या उरवड्यात ‘प्राज मॅट्रिक्स’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे इथेनॉलसाठी यीस्टवर काम चालतं. पण यीस्टची पेशी वाढते कुणाच्या हुकमावर? हे कळलं एका औषधामुळे.

ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कॅनडात रॅपामायसिन वेगळं केलं. पुढे कंपनीने ते काम गुंडाळलं. सेहगलांनी मात्र ते घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं!

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रॅपामायसिन यीस्टवर वापरलं. पेशींची वाढ थांबली. ज्या थोड्या तगल्या, त्यांच्यात बदललेले जीन सापडले: टॉर १ आणि टॉर २. अन्न मिळालं, की टॉरच्या इशाऱ्यावर पेशी प्रथिनं बनवते आणि वाढते. उपासमार झाली, की हात आखडता घेते.

आपल्या पेशींतही टॉर आहेच. रॅपामायसिन रोगप्रतिकारक पेशींची वाढ रोखतं, म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली.

विचार करा, तो फ्रीझर कुणी साफ केला असता तर?