उष्टे पात्र, टाकाऊ पात्र : एकदाच वापरावयाच्या पेल्याचा सामाजिक इतिहास

कचऱ्याच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा वस्तूच्या अंतापासून सुरू होते. गटारात अडकलेला प्लॅस्टिकचा पेला किंवा समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेली स्ट्रॉ पुढे ठेवून उपाय सुचविले जातात. प्रस्तुत निबंधात हा क्रम उलटा करावयाचा आहे. एकदाच वापरून फेकून द्यावयाचे पात्र माणसाला मुळात का हवेसे वाटले? भारतीय आणि विशेषतः मराठी समाजापुरते याचे उत्तर केवळ सोयीत सापडत नाही. त्याची मुळे ‘उष्टे’ या कल्पनेत आहेत, आणि ती लक्षात घेतल्याखेरीज कचरा कमी करण्याचा विचार अपुरा राहतो, असे येथे प्रतिपादन आहे.

१

टाकाऊ पात्र ही आधुनिक युगाची देणगी नव्हे. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण, कोकणातील केळीचे पान, उत्तर भारतातील मातीचे कुल्हड ही सारी एकदाच वापरावयाची पात्रेच होत. त्यामागे निसर्गाची विपुलता होती, तसाच शुद्धाशुद्धतेचा विचारही होता. धातूचे भांडे राख, आंबट पदार्थ वा पाणी यांनी शुद्ध होते. मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते, आणि काही विटाळांनंतर तेही चालत नाही, अशी व्यवस्था धर्मशास्त्रात आढळते. ज्याच्या उष्ट्याचा विटाळ मानावयाचा, त्याला पानात वा मातीच्या पात्रात देणे आणि ते फेकून देणे सोपे. म्हणजे पात्र टाकण्यामागे पुष्कळदा माणूस टाकण्याची वृत्ती होती.

याच विचारातून एक वेगळी रीतही रूढ झाली. तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याची सवय जुन्या मराठी घरांत मुलांना आवर्जून लावली जाई. एकच भांडे अनेकांनी वापरावे, तरी ते कोणाचेही उष्टे होऊ नये, अशी ही युक्ती होती. तिच्या मुळाशी सोवळे असले तरी तिने कचरा केला नाही, हे नोंदविले पाहिजे. परंतु हीच रीत उंबरठ्याबाहेर गेली की तिचे रूप पालटे. ओंजळ पुढे करून उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर दुरून पाणी ओतले जाई. दलित आत्मकथनांत वरून ओतलेल्या या पाण्याचा आणि चहाच्या वेगळ्या कपाचा उल्लेख वारंवार येतो.

२

चहाचा कप आला आणि ही व्यवस्था अडचणीत सापडली. कपाला ओठ लावल्याखेरीज चहा पिता येत नाही. बशीत ओतला तरी बशीला ओठ लागतातच. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाने जे वादळ उठले, ते या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठित तेथे उपस्थित होते. गोपाळराव जोशी यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, ते शंकराचार्यांपुढे गेले आणि अखेरीस प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. ज्या समाजाच्या नेत्यांना मिशनच्या चहाचा हिशेब द्यावा लागला, त्या समाजात पेला ही किती स्फोटक वस्तू होती, हे त्यावरून कळते.

रेल्वेनेही हेच दाखवून दिले. एका डब्यात सर्व जातिधर्मांचे प्रवासी बसले, पण स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे राहिले. याउलट मुंबईच्या इराणी हॉटेलांत धुतलेला कप कोणाच्या ओठांना लागून आपल्यापुढे आला आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. जातिनिर्मूलनाचा कोणताही जाहीरनामा न काढता या हॉटेलांनी समाईक कपाची सवय नागर समाजाला लावली. चौकातील टपरीवरचा कटिंग चहाचा काचेचा ग्लास हा त्याच परंपरेचा वारस होय.

३

पाश्चात्त्य जगात टाकाऊ पेला निराळ्या भीतीतून जन्मला. अमेरिकेत शाळा, स्थानके व आगगाड्या येथे पाण्याच्या पिंपाशी एकच समाईक पेला टांगलेला असे. १९०८ मध्ये आल्विन डेव्हिसन या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने शाळेतील अशा पेल्यांवरील जंतूंकडे लक्ष वेधले. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने समाईक पेल्यावर बंदी घातली. लॉरेन्स ल्युएलन याने त्याच सुमारास पुढे आणलेला कागदी पेला पुढे ‘डिक्सी कप’ या नावाने प्रसिद्ध झाला. क्षयासारख्या रोगांच्या त्या काळात ही भीती निराधार नव्हती. परंतु भांडे नीट धुण्याची व्यवस्था उभी राहिल्यावरही टाकाऊ पेला मागे हटला नाही; आरोग्याची जागा सोयीने घेतली.

स्ट्रॉचा इतिहास याहून बोलका आहे. प्राचीन मेसोपोटेमियातील मुद्रांवर अनेक जण एकाच घटातून लांब नळ्यांनी पेय घेताना दिसतात. नळी तेथे सहपानाचे साधन होती. १८८८ मध्ये मार्व्हिन स्टोन याने कागदी स्ट्रॉचे पेटंट घेतले आणि १९३७ मध्ये जोसेफ फ्रीडमन याने वाकणाऱ्या स्ट्रॉचे. या वाकणाऱ्या नळीचा खरा उपयोग अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना झाला. ज्यांना पेला उचलता येत नाही त्यांच्यासाठी ती आजही गरज आहे. इतरांसाठी ती काही मिनिटांची चैन आहे.

४

प्लॅस्टिकचा पेला भारतात आला तेव्हा या दोन्ही भीती त्यात एकत्र आल्या : जंतूंची आणि विटाळाची. लग्नसमारंभात, कार्यालयात, टपरीवर तो चटकन रुजला, कारण तो स्वस्त होता आणि भांडी घासणाऱ्या हातांची गरज संपवीत होता. शिवाय तो कोणाचेच उष्टे नव्हता. तमिळनाडूतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळा पेला ठेवण्याची प्रथा कुप्रसिद्ध आहे. वेगळा पेला कायद्याने गुन्हा ठरतो. सर्वांनाच टाकाऊ पेला दिला की गुन्हा उरत नाही आणि समाईक पेल्याचा प्रश्नही उरत नाही. ही समता खरी, पण एकमेकांच्या ओठांना टाळून साधलेली.

या सोयीची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. फेकलेला पेला ज्यांनी वेचला, त्या बहुसंख्येने दलित स्त्रिया होत्या. ज्याला विटाळाच्या भयाने दूर ठेवले, त्याच्याच हाती समाजाचे उष्टे पुन्हा आले.

५

कायद्याने आपले काम उशिरा का होईना सुरू केले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आणली. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे व स्ट्रॉ देशभर निषिद्ध झाले. त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर कागदी पेल्याने घेतली. पण या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले की, त्यात पंधरा मिनिटे ठेवलेल्या १०० मिलिलिटर गरम द्रवात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. २००४ मध्ये रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हड परत आणण्याचा प्रयत्न केला. त्यात कुंभारांच्या रोजगाराचा विचार होता. परंतु भाजलेली माती पुन्हा माती होत नाही (पुरातत्त्वशास्त्र तर खापरांवरच उभे आहे) आणि भट्टीला इंधनही लागते. द्रव्य बदलले, फेकण्याची वृत्ती तीच राहिली.

६

या संदर्भात डॉ. बाबा आढाव यांच्या कार्यातील एक अनुबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात त्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभारली. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या उभारणीतही ते अग्रणी होते. पहिली चळवळ पाण्याची, दुसरी कचऱ्याची. वरवर दूरच्या वाटणाऱ्या या दोन चळवळींत प्रश्न एकच आहे : आपण कोणाबरोबर पाणी पिण्यास तयार आहोत, आणि आपले उष्टे कोणी उचलावे अशी आपली अपेक्षा आहे?

कचरा कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे धुऊन पुन्हा वापरलेला पेला. तो महाग नाही आणि नवाही नाही. त्याला वाहते पाणी हवे, साबण हवा, धुणाऱ्याला रास्त मोबदला हवा. आणि सर्वांत आधी, आपल्यापूर्वी या पेल्याला कोणाचे ओठ लागले होते हे न विचारण्याची तयारी हवी. पहिल्या तीन गोष्टी शासन व संस्था देऊ शकतील. चौथी समाजालाच मिळवावी लागेल. पंचहौदच्या त्या चहानंतर शतकाहून अधिक काळ लोटला तरी ती आपण पूर्णपणे मिळविली आहे, असे म्हणता येत नाही.