शेती आधी, घरे नंतर : शेजाऱ्याच्या तक्रारीपुढे कायदा शेतकऱ्याला किती साथ देतो?

बाहेरचे लोक कडोलीला साहित्य संमेलनाचे गाव म्हणून ओळखतात. पण गावाचे पोट भरते ते भात, बटाटा, रताळी, ऊस आणि भाजीपाल्यावर. बेळगाव शहर आता सगळ्या बाजूंनी पसरत चालले आहे. काल जिथे बटाट्याच्या सऱ्या होत्या तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. घरे उभी राहतात, माणसे राहायला येतात आणि मग पहिली तक्रार येते. कुणाला गोठ्याचा वास सहन होत नाही, कुणाला उकिरड्यावरच्या माशांचा त्रास होतो, कुणाची पहाटे सुरू होणाऱ्या पंपाने झोप मोडते, तर कुणाच्या घरात मळणीची धूळ येते.

यातली अवघड गोष्ट अशी की तक्रार करणारा नेहमी परका असतोच असे नाही. आपल्याच घरातले थोरले शेत कसतात आणि धाकटे नोकरी करून प्लॉटवर घर बांधतात. त्यामुळे आमच्या सभासदांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत. दोघांनाही उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत. माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

थोडक्यात उत्तर

शेतीला शेजाऱ्यांच्या दाव्यांपासून वाचवणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही, कर्नाटकातही नाही. ‘आमचे शेत आधीपासून होते’ एवढ्या एका वाक्यावर दावा जिंकता येत नाही. तरीही शेतकरी उघड्यावर पडलेला नाही. वेगवेगळ्या कायद्यांत त्याच्या बाजूची कलमे आहेत. ती कामी येण्यासाठी कागद जपावे लागतात, धंद्याची मर्यादा सांभाळावी लागते आणि नोटिशीला वेळेत उत्तर द्यावे लागते.

उपद्रव म्हणजे काय?

वास आला, आवाज झाला म्हणजे लगेच कायद्याच्या अर्थाने उपद्रव होत नाही. त्रास खरा आणि वाजवीपेक्षा जास्त असावा लागतो. नाजूक तब्येतीच्या एखाद्या माणसाला काय सोसत नाही, यापेक्षा सामान्य माणसाला काय सोसवते हे न्यायालय पाहते. ठिकाणही पाहिले जाते. शेतवडीतला शेणाचा वास आणि भर बाजारपेठेतला शेणाचा वास एकाच मापाने मोजला जात नाही. मात्र एखाद्या भागात घरे वाढत गेली की हे मापही हळूहळू बदलते, हे लक्षात ठेवावे.

उपद्रव दोन प्रकारचा असतो. एका-दोघा शेजाऱ्यांना होतो तो खासगी आणि आसपासच्या सगळ्या लोकांना होतो तो सार्वजनिक. तक्रार कुठे चालणार हे या फरकावर ठरते.

खासगी उपद्रवासाठी शेजारी दिवाणी न्यायालयात दावा लावतो. त्यात तो मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा दोन्ही मागतो. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होत असे, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘एकशे तेहतीस’ असते. लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधा आणणारा धंदा हलवण्याचा अथवा त्यावर बंधने घालण्याचा आदेश या कलमाखाली निघू शकतो. दोन शेजाऱ्यांचे आपसातले भांडण मिटवण्यासाठी हे कलम नाही. अर्ज एकाच घराचा असेल आणि बाकी वस्तीची काही तक्रार नसेल, तर हा मुद्दा पहिल्याच उत्तरात मांडावा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ प्रमाणे सार्वजनिक उपद्रवाला दंड आहे तो एक हजार रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ वाटते, पण उपद्रव थांबवण्याचा आदेश झाल्यावरही तो चालू ठेवला तर कैदेची तरतूद आहे.

‘आम्ही आधी होतो’ हे का पुरत नाही?

यासाठी १८७९ चा एक इंग्लिश निकाल समजून घ्यावा लागतो, कारण आपल्याकडच्या वकिलीत तो अजून सांगितला जातो. लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्त्यात कुटण्याचे काम करत होता. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्याच भिंतीला लागून रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि आवाजाबद्दल दावा लावला. डॉक्टर जिंकला. खोली बांधेपर्यंत कुणाला त्रासच नव्हता, मग मिठाईवाल्याचा हक्क तोवर तयार कसा होणार, असा न्यायालयाचा विचार होता. शेजारचे शेत मोकळे असताना आपण तीस वर्षे गोठा चालवला, तरी हाच युक्तिवाद आपल्याविरुद्ध होऊ शकतो.

अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली वेगळी वाट काढली. हजारो जनावरांच्या एका गोठ्याच्या दिशेने बिल्डरने निवृत्त लोकांची वसाहत वाढवत नेली आणि मग वास व माशांबद्दल दावा लावला. लोकांच्या आरोग्यासाठी गोठा हलवावा, पण हलवण्याचा वाजवी खर्च बिल्डरने द्यावा, असा निकाल झाला. वसाहत तिथे त्याने आणली होती, म्हणून भार त्याच्यावर.

पुढे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी ‘शेती करण्याचा हक्क’ देणारे कायदे केले. तपशील वेगवेगळे असले तरी गाभा असा : शेती सुरू झाली तेव्हा ती उपद्रव नव्हती, तर नंतर शेजार बदलला म्हणून ती उपद्रव ठरत नाही. निष्काळजीपणाला मात्र सहसा हे संरक्षण मिळत नाही. फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून खटला झाला. २०१९ साली कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल लागला. २०२१ साली ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदा आला. २०२४ साली तिथल्या दिवाणी कायद्यातच तरतूद झाली. काम आधीपासूनचे असावे, नियमांना धरून असावे आणि त्रास वाढलेला नसावा, या त्यातल्या मुख्य अटी आहेत. त्या ध्यानात ठेवाव्यात, कारण आपल्याकडेही बचाव शेवटी जवळपास त्याच तीन गोष्टींवर उभा राहतो.

वीस वर्षांची वहिवाट

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा. तो सुरुवातीला मुंबई इलाख्यात लागू नव्हता, १८९१ साली लागू झाला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो तरी हा कायदा इथे राहिलाच आहे.

या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एखादी वहिवाट उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे चालली, तर तिचा हक्क मिळू शकतो. ही वीस वर्षे दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणजे पूर्वी कधीतरी वीस वर्षे चालवले आणि मग दहा वर्षे बंद ठेवले, तर उपयोग नाही.

तीन मर्यादा नीट समजून घ्याव्यात.

१. हा हक्क खासगी उपद्रवापुरताच. सार्वजनिक उपद्रव कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही.

२. पाणी दूषित करण्याबाबत कायदाच सांगतो की शेजारच्या मिळकतीला त्रास जाणवू लागला तेव्हापासून वीस वर्षे मोजायची. गोठ्याचे सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे जात असेल, तर ‘पूर्वीपासून जाते’ या उत्तरावर विसंबू नये. प्रदूषण नियंत्रणाचे कायदे त्याशिवाय वेगळे आहेतच.

३. कलम २८ प्रमाणे हवा किंवा पाणी दूषित करण्याचा हक्क मिळाला, तरी तो वीस वर्षांच्या सुरुवातीला जेवढे दूषण होते तेवढ्यापुरताच. समजा, वडिलांच्या काळात दोन म्हशी होत्या आणि मुलाने तिथे चाळीस म्हशींचा गोठा उभा केला. वहिवाट असलीच तर ती दोन म्हशींची. वाढवलेल्या धंद्याला जुन्या वहिवाटीची ढाल मिळत नाही. बहुतेक बचाव इथेच कोसळतात.

शेतकऱ्याच्या बाजूची कलमे

कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ नुसार शेतजमिनीच्या कब्जेदाराला शेतीसाठी लागणाऱ्या इमारती, विहीर, तलाव आणि इतर सुधारणा करता येतात. त्यामुळे ‘शेतात गोठा बांधलाच कसा?’ या प्रश्नाला उत्तर आहे. उलट शेतात निवासी प्लॉट पाडायचे तर बिगरशेती परवानगी घ्यावी लागते. शेजारची घरे बिगरशेती न केलेल्या जमिनीवर असतील, तर तो मुद्दाही उत्तरात येऊ शकतो. पण तेवढ्यावर दावा संपत नाही.

कर्नाटक जमीन सुधारणा कायदा, १९६१ मधील शेतीच्या व्याख्येत दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि जनावरांची पैदास येते. म्हणजे गोठा आणि पोल्ट्री या कायद्याच्या दृष्टीने शेतीच आहे.

विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चे कलम ४१ सर्वांत उपयोगी. एखादे काम उपद्रव ठरेल हे पुरेसे स्पष्ट नसेल, तर उपद्रवाच्या कारणावरून मनाई हुकूम देता येत नाही. त्रास चालू असताना वादीने त्याला मूक संमती दिली असेल, तरीही देता येत नाही. शेजाऱ्याने पाच वर्षे तुमच्याकडून शेणखत नेले, रतीब घातलेले दूध घेतले आणि एकदाही तक्रार केली नाही, तर त्या गोष्टीला अर्थ आहे.

मोठ्या धंद्याला मात्र वेगळे नियम लागतात. पाच हजार किंवा अधिक पक्ष्यांच्या पोल्ट्रीला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि घरांपासूनच्या अंतराचेही निकष आहेत. मोठ्या गोठ्यांसाठीही केंद्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हे पाळले नसेल तर बाकीचे मुद्दे लंगडे पडतात. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आवाजाच्या नियमांत रात्र धरली जाते आणि निवासी भागात तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. थ्री-फेज वीज रात्रीच येत असेल तर पंप रात्रीच चालणार. पण डिझेल इंजिन असेल तर ते घरांपासून दूर किंवा आडोशाला बसवता येते.

कोणते कागद जपावेत?

- शेताचे जुने उतारे, विशेषतः पीकपाण्याच्या नोंदीसह.
- विहीर, पंप आणि वीजजोडणीची जुनी बिले.
- दूध डेअरीची पुस्तके. जनावरे किती आणि केव्हापासून होती, हे त्यावरून दिसते.
- जनावरांच्या कर्जाची आणि विम्याची कागदपत्रे.
- पंचायतीचे दाखले आणि कराच्या पावत्या.
- गोठ्याचे, शेताचे आणि आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीचे जुने फोटो. लग्नाच्या अल्बममधला मागे गोठा दिसणारा फोटोसुद्धा पुरावा होऊ शकतो.
- शेजारचा लेआऊट कधी मंजूर झाला त्याची नक्कल. ती माहिती अधिकारात मागता येते.

नोटीस आली तर

पहिली गोष्ट, नोटीस घ्यावी. ती नाकारल्याने काही टळत नाही. मजकूर कन्नडमध्ये असेल तर जाणत्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा आणि तारीख लिहून ठेवावी. कलम १५२ च्या आदेशावर दिलेल्या मुदतीत हजर होऊन म्हणणे मांडले नाही, तर तो आदेश कायम होतो.

शेजारी दावा लावणार असे कानावर आले, तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. ते ९० दिवस चालते आणि त्या काळात तुम्हाला न कळवता तात्पुरता मनाई हुकूम सहसा मिळत नाही. मुदत संपली की पुन्हा दाखल करावे.

खर्चाची भीती वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. वास आणि आवाजाच्या भांडणांना हा मार्ग बहुधा सर्वांत बरा. उकिरडा पन्नास फूट मागे घेणे, शेण रोजच्या रोज उचलणे, गोबरगॅस बसवणे, वारा घरांकडे असताना फवारणी टाळणे, अशा अटी हुकुमापेक्षा तडजोडीत नीट बसतात. उसाचा पाला जाळण्याबाबत मात्र आम्ही स्पष्टच सांगतो : त्या धुराचा बचाव करणे कठीण आहे. पाला कुजवावा.

प्लॉट घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी

प्लॉट पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. पहाटे धार काढायच्या वेळी जावे, सुगीत जावे आणि पावसाळ्यात एकदा जावे. शेजारच्या शेतात गोठा आहे का, पाणंद कुठून जाते, गाड्या कुठून वळतात हे पाहावे. मग व्यवहार करावा. राहायला आल्यावर त्रास झालाच तर वकिलाच्या आधी बांधावर जाऊन बोलावे. ‘काका, एवढा उकिरडा जरा पलीकडे घेता येईल का?’ या प्रश्नाला आपल्या गावात अजून उत्तर मिळते.

शेतकऱ्यानेही त्यावर ‘आम्ही आधीपासून आहोत’ असे म्हणून पाठ फिरवू नये. आधी असण्याला कायद्यात किती वजन आहे ते वर सांगितलेच आहे. धंदा वाढवायचा असेल तर घरांच्या उलट बाजूला वाढवावा. आणि जुने उतारे, डेअरीची पुस्तके आजच पेटीतून काढून एका फाईलला लावावीत. नोटीस आल्यावर शोधाशोध केली तर नेमका हवा तो कागद सापडत नाही.