तळ कोठे ठोकावा? मोटरहोम, झाडांची मुळे आणि लुईस माउंटनची पाटी

१/ अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडचे नकाशे पाहिले, तर एकच आकृती पुन्हा पुन्हा दिसते. एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे आणि प्रत्येक फाट्यापाशी एक टेबल, एक चूल. मोटरहोममधून आलेले कुटुंब येथे तळ ठोकते, दिवसभर परिसर पाहते आणि रात्री परतते. ही आकृती आखली ती झाडांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने. तिची ही कथा. 🧵

२/ एकोणिसाव्या शतकात निसर्गदर्शन हा सधनांचा छंद होता. रेल्वे नेईल तेथे जायचे आणि हॉटेलात उतरायचे. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, १९१३ मध्ये तिची जुळणी फिरत्या पट्ट्यावर होऊ लागली आणि किंमत झपाट्याने उतरली. तंबू, भांडी व अंथरूण गाडीवर बांधून सामान्य कुटुंबे बाहेर पडली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे यांचे मोटारीवर.

३/ श्रीमंतांसाठी याच काळात निराळी सोय झाली. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ नावाची गाडी प्रदर्शनात मांडली. तिचे मागचे आसन उलगडून पलंग होई, हात धुण्याचे भांडेही गाडीतच होते. आजच्या मोटरहोमच्या पूर्वजांत तिची गणना होते.

४/ योसेमिटीने १९१३ मध्ये आणि यलोस्टोनने १९१५ मध्ये मोटारींना दार उघडले. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मॅदर मोटारींचे स्वागत करीत. लोक उद्याने पाहतील, तरच ती जपण्यासाठी काँग्रेस पैसा देईल, हा त्यांचा हिशेब होता.

५/ वाटेवरच्या शहरांनीही प्रवाशांसाठी फुकट तळ उघडले. डेन्व्हरचे ओव्हरलँड पार्क त्यांतले प्रसिद्ध. प्रवासी थांबला की गावात खरेदी करील, ही व्यापाऱ्यांची आशा होती. पण जुनाट गाडीत संसार घालून काम शोधत फिरणारी गरीब कुटुंबेही तेथे उतरू लागली. विसाच्या दशकाच्या मध्यास अनेक शहरांनी शुल्क लावले. त्यामागचा एक हेतू अशा ‘नको असलेल्यां’ना दूर ठेवण्याचा होता. कोणी थांबावे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

६/ उद्यानांत संकट वेगळे होते. मोटार झाडांमधून वाट काढत हवी तेथे उभी राही. रोज नवी चूल, रोज नवे चाकोरे. कॅलिफोर्नियातील महाकाय सिक्वोया व रेडवूड वृक्षांच्या छायेत ही गर्दी सर्वाधिक होती. हे वृक्ष आभाळाला भिडणारे असले, तरी त्यांची मुळे खोल जात नाहीत, उथळ मातीत दूरवर पसरतात.

७/ एमिलिओ मायनेके हे सरकारी सेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ. विसाच्या दशकात त्यांनी या वनांची पाहणी केली आणि रोगाचे मूळ ओळखले: चाके आणि पावले. माती दाबली गेली की हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. झुडपे आधी जातात, मोठी झाडे मागाहून. ज्या सावलीसाठी माणसे येत होती, तिचाच ती नाश करीत होती.

८/ १९३२ मध्ये मायनेके यांनी कॅम्पग्राउंडचे धोरण मांडले. गाडीला बंदी घालण्याऐवजी त्यांनी तिची जागा ठरवून दिली. एकेरी वळणरस्ता, प्रत्येक बिऱ्हाडासाठी गाडी उभी करण्याचा फाटा, टेबल आणि चूल जागेवर पक्की, तंबूची जागा नेमलेली. गाडी फाट्याबाहेर जाऊ नये म्हणून कडेला मोठे दगड आणि ओंडके. सूत्र साधे होते: गाडी एकदा थांबली की थांबलीच, पुढचे पाहणे पायी.

९/ १९३३ मध्ये महामंदीतील बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू झाली. १९४२ पर्यंत त्या तरुणांच्या हातांनी हा आराखडा देशभरातील वनांत आणि उद्यानांत उतरला.

१०/ मात्र दगड गाड्यांना अडवत होते, तर पाट्या माणसांना. व्हर्जिनियातील शेनंडोआ उद्यानात डोंगरमाथ्यावरून सुमारे १६९ किलोमीटरचा स्कायलाइन ड्राइव्ह जातो. रस्ता सर्वांच्या करातून झाला, पण व्हर्जिनियात वर्णभेदाचे कायदे होते. रात्री थांबायला जागा नसेल, तर एवढ्या रस्त्याचा उपयोग काय? कृष्णवर्णीय प्रवाशांना सुरक्षित मुक्काम सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघू लागले, ते याच अडचणीमुळे.

११/ १९३९ मध्ये शेनंडोआत लुईस माउंटन येथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॅम्पग्राउंड, कुट्या आणि भोजनगृह सुरू झाले. रस्त्यावरच्या पाटीवर स्थळाच्या नावासोबत ‘निग्रो विभाग’ असे लिहिलेले होते. आराखडा तोच, सावली तीच, फक्त तळ वेगळा. अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकीज आणि त्यांचे कृष्णवर्णीय सल्लागार विल्यम ट्रेंट यांनी ही विभागणी मोडण्याचा आग्रह धरला. डिसेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतील भेदभावाविरुद्ध नियम निघाला. शेनंडोआत तो पूर्ण अमलात यायला १९५० उजाडले. वर्णभेदाला देशभर बंदी घालणारा नागरी हक्क कायदा त्यानंतर १४ वर्षांनी, १९६४ मध्ये आला.

१२/ युद्धोत्तर काळात गाडीच घर झाली. १९६२ मध्ये माँटाना राज्यात बिलिंग्स येथे, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या प्रवाशांसाठी केओए या खासगी कॅम्पग्राउंडची सुरुवात झाली. गरम पाण्याची अंघोळ हे तेथील मोठे आकर्षण. १९६६ मध्ये विनेबागो कंपनीने तुलनेने स्वस्त मोटरहोम बाजारात आणले. आता तळावर वीज, नळ आणि सांडपाण्याची सोयही लागू लागली.

१३/ मायनेके यांच्या आराखड्यातले फाटे या घरांना अपुरे पडले. युटातील झायन उद्यानाचा बोगदा १९३० मध्ये खुला झाला, तो त्या काळच्या गाड्यांसाठी. मोठे मोटरहोम नेताना पुढे समोरची वाहतूक थांबवावी लागू लागली. म्हणून अनेकांनी मोटरहोमच्या मागे छोटी मोटार जोडून आणण्याची रीत धरली: घर तळावर, भटकंती छोट्या गाडीने.

१४/ त्याच झायनमध्ये २००० साली शटल बस आली. गर्दीच्या हंगामात मुख्य दरीत खासगी गाड्यांना मज्जाव झाला. दरीच्या तोंडाशी असलेल्या कॅम्पग्राउंडवर मोटरहोम उभे करायचे आणि पुढे बसने किंवा पायी जायचे. गाडीची जागा ठरवा, म्हणजे जंगल वाचेल, हे मायनेके यांचे सूत्र तेथे अख्ख्या दरीला लागू झाले.

१५/ लुईस माउंटनचे कॅम्पग्राउंड आजही सुरू आहे. शेनंडोआतील ते सर्वांत लहान. ती पाटी गेली, तळ सर्वांचा झाला. इतिहासात प्रवासाची चर्चा रस्त्यांवरून होते, पण प्रवासाचा हक्क कोणाला होता, हे मुक्कामाच्या जागा अधिक स्पष्ट सांगतात.