फोन आणि संगणकाची सोयरीक

१९९६ साली आपण दहावी झालो, तेव्हा परगावी बोलायचं तर एसटीडी बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलावं लागे. पुढे मी त्याच फोनला संगणक जोडण्याच्या कामात शिरले. त्या कामाच्या शिक्षणाचा हा थोडा इतिहास.

‘मराठीसाठी एक दाबा’ असं फोन सांगतो, त्यामागे संगणक असतो. अमेरिकेत बेल सिस्टिमने १९६३ मध्ये बटणांचा फोन आणला. त्याचं प्रत्येक बटण एकाच वेळी दोन स्वर पाठवतं. संगणकाला ते स्वर ओळखता आले आणि फोन हाच त्याचा कीबोर्ड झाला. १९८३ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेली डायलॉजिक संगणकात बसवायची व्हॉइस कार्डं बनवू लागली.

पण हे शिकवणार कोण? टेलिफोनवाल्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं आणि प्रोग्रामरला लाइन कळत नव्हती. त्यामुळे यंत्र विकणारी कंपनीच शिकवू लागली, परीक्षाही तीच घेऊ लागली. सिस्कोची सीसीआयई परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये तिची व्हॉइस शाखा आली. लेखी झाल्यावर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष यंत्रणा उभारून दाखवावी लागे.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्येच ते लिहिलं. त्याचं नाव ॲस्टेरिस्क. ते सर्वांना खुलं होतं, त्यामुळे ‘मला येतं’ म्हणणारेही पुष्कळ झाले. मग स्पेन्सरच्या डिजियम कंपनीने ‘डीकॅप’ परीक्षा काढली. तीही लेखी आणि प्रात्यक्षिक.

मीही एक प्रमाणपत्र मिळवलं आणि ऐटीत पहिल्या ग्राहकाकडे गेले. लाइन काही केल्या सुरू होईना. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका शेजारी बसले होते. ते म्हणाले, “ताई, अमेरिकेत एका लाइनवर चोवीस जण बोलतात, आपल्याकडे तीस. तुमचं कार्ड चोवीसवर लावलंय.” कार्डावरचा इवलासा जंपर बदलला आणि फोन वाजला. काकांकडे कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं.

सीसीआयईच्या व्हॉइस शाखेच्या जागी पुढे कोलॅबोरेशन शाखा आली. डिजियम २०१८ मध्ये सँगोमाने घेतली. माझ्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली. चोवीस आणि तीसचा फरक मात्र विसरले नाही.

आता मुलाखती मी घेते. परीक्षेची फी न परवडणारी मुलं समोर येतात, तेव्हा कागद बाजूला ठेवून मी त्यांच्यापुढे न वाजणारा फोन ठेवते. तो वाजवेल त्याला नोकरी.

ॲस्टेरिस्क जुन्या संगणकावरही फुकट चालतं. शाळेने परवानगी दिली तर दिवाळीच्या सुट्टीत येऊन संगणक कक्षात दोन फोन जोडून देईन. ते कसे वाजतात, हे नववीच्या मुलामुलींनी स्वतः उलगडून बघावं.