साल, बेर, योन, रोश

जून १९५०, लेनिनग्राड. रात्रीचे अकरा वाजलेत, तरी खिडकीबाहेर लख्ख उजेड आहे. इथला उन्हाळाच तसा. वसतिगृहातल्या खाटेवर मांडी ठोकून तुम्ही घोकताय: साल, बेर, योन, रोश. जगातल्या झाडून साऱ्या भाषा म्हणे या चार ध्वनिगटांतून निघाल्या. कुठलाही शब्द फोडा, चौघांपैकी कुणीतरी आत सापडतोच. सापडेल नाही तर काय! त्यांना हवं ते रूप घ्यायची मोकळीक आहे.

हे निकोलाय मार यांचं भाषाशास्त्र. माणूस जॉर्जियातला, कॉकेशसच्या भाषांचा खरोखर जाणकार. क्रांतीनंतर मात्र त्यांनी आपल्या कल्पनांना मार्क्सचा अंगरखा चढवला. भाषा वर्गाची असते, राष्ट्राची नव्हे. उत्पादनाची पद्धत बदलली की भाषाही पुढची पायरी चढते आणि शेवटी साऱ्या जगाची एकच भाषा होते. भाषांची कुळं वगैरे बुर्ज्वा थोतांड. भावाला रशियनमध्ये ‘ब्रात’ म्हणतात हे ऐकून तुम्हाला भ्राता आठवला असेल, तर इथे बोलू नका. भाषाशास्त्रज्ञ येवगेनी पोलिवानोव १९२९ साली मॉस्कोत मार यांच्याविरुद्ध उघड बोलले होते. मॉस्को सुटलं, आणि १९३८ मध्ये जपानचे हेर ठरवून त्यांना गोळी घालण्यात आली.

मार १९३४ मध्येच वारले, पण गादी चालू आहे. गादीवर इवान मेश्चानिनोव. म्हणूनच पक्षाच्या ‘प्रावदा’ या दैनिकाच्या ९ मेच्या अंकात तिबिलिसीचे भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड चिकोबावा यांनी मार यांना सोलून काढलं, तेव्हा वसतिगृहात कुणाचा विश्वास बसेना. हा माणूस बाहेर कसा अजून? पुढच्या मंगळवारी मेश्चानिनोव यांचं उत्तर आलं. मग दर मंगळवारी वाद. बिचारे वाचक खरंच समजून चालले की चर्चा चाललीय.

२० जून, मंगळवार. रस्त्यावरच्या फलकावर चिकटवलेल्या अंकाभोवती गर्दी आहे, आवाज मात्र नाही. टाचा उंचावून तुम्ही लेखाखालचं नाव वाचता: स्टालिन. भाषा हा आर्थिक पायावरचा इमला नाही, ती वर्गाची नसून साऱ्या समाजाची असते, मार यांनी मार्क्सवादाचा विपर्यास केला. मतामतांची झुंज झाल्याशिवाय शास्त्र वाढत नाही, असंही त्यातच लिहिलंय. झुंज तिथेच आटोपते. ४ जुलैला खुद्द मेश्चानिनोव यांचं चूक कबूल करणारं पत्र छापून येईल.

तुमची तोंडी परीक्षा दुसऱ्याच दिवशी. टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडल्यात. तुम्ही एक उचलता: चार मूलघटक. वर्षभर तेच घोकून घेणारे प्राध्यापक चिठ्ठी तुमच्या हातून काढून घेतात.

“दुसरी घ्या.”

दुसरीत भाषेच्या वर्गस्वरूपाचा प्रश्न. तीही जाते. तिसरी उचलायला ते सांगतच नाहीत.

“कालचा ‘प्रावदा’ वाचलात?”

“हो.”

“मग बोला.”

कालचा लेख तुम्ही धडाधडा म्हणून दाखवता. यावेळी त्यातलं बरंचसं खरंही आहे; प्राध्यापकांना ते तुमच्या जन्माआधीपासून ठाऊक असावं. ते मान डोलावतात, तुमच्या गुणपुस्तिकेत ‘५’ लिहितात, म्हणजे पैकीच्या पैकी, आणि उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करून खणात टाकत पुढच्या मुलाला हाक मारतात.