संध्याकाळी सहाला थांबणारं घड्याळ

कॉम्प्युटर गेम म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बंदुका, तलवारी, गाड्यांच्या शर्यती, नाहीतर राक्षसाने पळवून नेलेली राजकन्या. पण गेमच्या दुनियेत एक अगदी वेगळं घराणंही आहे. त्यातल्या गेममध्ये तुम्ही सकाळी उठता, रोपांना पाणी घालता, गाईचं दूध काढता, गावात चक्कर मारून चार लोकांशी गप्पा मारता आणि रात्री झोपता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! ऐकूनच जांभई येईल अशी ही गोष्ट, पण गेली जवळजवळ तीस वर्षं लोक ती आवडीने खेळतायत. तिचा इतिहास कोड पाडून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना चांगलाच चिमटा काढतो, म्हणून आजचा हा उद्योग.

तर सुरुवात होते जपानमध्ये. यासुहिरो वाडा हा माणूस क्यूशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतात वाढला. वाढला म्हणजे खेड्यात. तरुणपणी एकच ध्यास, कधी एकदा इथून सुटतो आणि टोकियोला जातो. गेलाही. गेम कंपनीत नोकरी लागली. आणि मग काही वर्षांनी व्हायचं तेच झालं, गाव आठवायला लागलं. (कोकणातून मुंबईला आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वाडांनी ही सगळी कहाणी स्वतःच सांगितली. त्यांना मारामारी नसलेला गेम करायचा होता. शर्यतीचे घोडे पैदा करून वाढवण्याचा 'डर्बी स्टॅलियन' नावाचा एक गेम तेव्हा जपानमध्ये जोरात होता. त्यावरून त्यांना वाटलं, घोडे वाढवण्यात लोक एवढे रमतात, तर गाईगुरं आणि शेती का नको?

गेमचं नाव 'बोकुजो मोनोगातारी', म्हणजे साधारण 'गुरांच्या कुरणाची गोष्ट'. इंग्रजीत तो 'हार्वेस्ट मून' म्हणून गेला. प्रोजेक्टचं पुढे जे झालं ते वाचताना आयटीतल्या कुणालाही घरचाच माणूस भेटल्यासारखं वाटेल. मध्येच पैसा आटला, काम कोलमडलं, टीम पांगली. शेवटी वाडांसकट तीन माणसं उरली आणि त्यांनी तो कसाबसा पुरा केला. गेम बाजारात आला ऑगस्ट १९९६ मध्ये, सुपर फॅमिकॉमवर. निन्टेन्डोचं नवं मशीन, निन्टेन्डो ६४, जून १९९६ मध्येच आलं होतं. म्हणजे गाव नव्या मशीनमागे धावत असताना यांनी जुन्या मशीनवर शेतीचा गेम आणला! तरी तो चालला. हळूहळू, एकाने दुसऱ्याला सांगत.

आता त्या गेमचे नियम बघा, कारण खरी गंमत तिथे आहे.

पहिला नियम, दम. पेरायला, पाणी घालायला, झाड तोडायला ताकद लागते आणि ती संपते. पडद्यावर आकडा नाही. गडी थकला की ते त्याच्या हालचालीत दिसतं. दमलात तर डोंगरावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यात जाऊन बसा, नाहीतर घरी जाऊन झोपा.

दुसरा नियम, घड्याळ. दिवसभर ते पळतं. पाच वाजता माल उचलणारा माणूस येतो. आणि सहा वाजता घड्याळ थांबतं. चक्क थांबतं! दुकानं बंद, गावातला बार उघडा. अंगात दम असेल तर शेतात काहीबाही करत बसा, पण कुणीही तुमच्या मागे लागलेलं नाही. सकाळ तुम्ही झोपायला गेल्यावरच होते.

तिसरा नियम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. भाव पडत नाही. तुम्ही एक टोमॅटो द्या की हजार द्या, दर तोच. केलेल्या कामाचं फळ मिळणारच, ही हमी.

हे नियम वाचून खऱ्या शेतकऱ्याला हसू येईल. नाशिककडचे टोमॅटो भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले आपण सगळ्यांनीच फोटोत पाहिलेत. गेममध्ये सावकार नाही, दलाल नाही, बँकेची नोटीस नाही. वादळ येतं, पिकाचं नुकसान होतं, गाय उपाशी राहिली तर आजारी पडते, मरतेसुद्धा. पण बाजार दगा देत नाही. वाडा खेड्यातून आलेले, तेव्हा शेती एवढी सोपी नसते हे त्यांना कळत नसणार असं थोडंच आहे? त्यांनी शेतीचं चित्र घेतलं आणि त्यात टोकियोतल्या नोकरदाराला जे मिळत नव्हतं ते भरलं. गेमच्या शेवटी, साधारण अडीच वर्षांनी, आईवडील फार्म बघायला येतात. बॉस नाही, राक्षस नाही, आईवडील!

दहा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, याच घराण्यात 'रून फॅक्टरी' जन्माला आला. प्रोड्यूसर योशिफुमी हाशिमोतो, बनवणारी कंपनी नेव्हरलँड. यात जादू आली, तलवार आली, गुहा आल्या. हा स्मृती गेलेला नायक एका गावात येऊन पडतो आणि गावातली मुलगी त्याला काय देते? कुदळ आणि पाण्याची झारी. तलवारीला आणि कुदळीला ताकद एकाच खात्यातून जाते, त्यामुळे रोज सकाळी ठरवायचं, आज गुहेत जायचं की शेत भिजवायचं. राक्षस हरला की मरत नाही, आपल्या मूळ अरण्यात परत जातो. किंवा मग त्याला गोंजारून घरी आणायचं. बफामू नावाचा एक गाईसारखा राक्षस तर गोठ्यात बांधला की रोज दूध देतो. :-) म्हणजे ज्या दुनियेत हाणामारी हाच मुख्य धंदा असायचा, तिथे या लोकांनी राक्षसालाही दावणीला आणून रोजच्या कामाला लावलं.

आता चिमटा. इतक्या निवांत दुनिया ज्यांनी उभ्या केल्या, त्यांचं स्वतःचं काय झालं? नेव्हरलँड २०१३ च्या अखेरीस बंद पडली. 'रून फॅक्टरी ४' ला येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, आणि तो या मालिकेतला सर्वात लाडका गेम समजला जातो. तिथल्या काही लोकांच्या पुढच्या कंपनीने, हाकामाने, २०२१ मध्ये 'रून फॅक्टरी ५' काढला. २०२२ मध्ये तीही बुडाली. मालिका मात्र जिवंत आहे. २०२५ मध्ये तिचा नवा गेम आला, जुन्या जपानच्या वळणाचा. बफामूचा गोठा टिकला, तो बांधणाऱ्यांच्या नोकऱ्या काही टिकल्या नाहीत.

तिकडे अमेरिकेत सिएटलजवळ एरिक बरोन नावाच्या मुलाने २०११ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेतली. नोकरी मिळेना, तेव्हा हात बसावा म्हणून त्याने सी शार्पमध्ये हार्वेस्ट मूनसारखा गेम लिहायला घेतला. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्याने. साडेचार वर्षं, रोज दहा-दहा तास, आठवड्याचे सातही दिवस. मैत्रीण कमवत होती, हा अधूनमधून थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' आला. २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. गेमची सुरुवात कशी होते, तर मोठ्या कंपनीतली खुर्चीवरची नोकरी सोडून नायक आजोबांच्या शेतावर जातो. हे लिहिणारा स्वतः मात्र सुट्टी न घेता खुर्चीवर बसलेला!

पण एक फरक बघा. स्टारड्यूमधलं घड्याळ सहाला थांबत नाही. ते रात्री दोनपर्यंत पळतं, आणि तोवर घरी पोचला नाहीत तर तुम्ही चक्कर येऊन पडता, वर खिशातले पैसे जातात. आणि खेळणाऱ्यांनी काय केलं? कुठलं पीक दिवसाला किती नफा देतं याच्या एक्सेल शीट! निवांतपणा शोधायला गेलो तरी आपण ऑफिस बरोबर घेऊन जातो ते असं.

तरी ओढ खरी आहे. आमच्या टीममधली एक जण रात्री साडेअकराचा क्लायंट कॉल संपला की अर्धा तास स्टारड्यू खेळते. मी विचारलं, "दिवसभर काम करून परत काम कशाला गं?" तर म्हणाली, "इथे भोपळा काढला की काढला. कुणी तिकीट परत उघडत नाही."

मला वाटतं, सगळ्या इतिहासाचं सार तिने एका वाक्यात सांगून टाकलं. या गेममध्ये आराम फारसा नाहीच, उलट कामच काम आहे. पण ते काम संपतं, त्याचं फळ दिसतं, आणि माणूस दमतो हे व्यवस्थेला मान्य आहे. ही शांतता आपोआप आलेली नाही. तीन दमलेल्या माणसांनी १९९६ मध्ये बसून ती कोडमध्ये लिहिली. सहा वाजले की घड्याळ थांबव, अशी एखादी ओळ असेल. गेममध्ये लिहिता येते, तर आपल्या कॅलेंडरमध्ये ती ओळ कुणी लिहायची? कंपनी लिहील याची वाट बघण्यात अर्थ नाही, एवढं मात्र वरच्या कहाणीवरून कळतं.

असो. आम्ही सध्या टीमपुरतं एवढंच ठरवलंय, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर रिलीज नाही. तीन आठवडे झाले. बघू किती टिकतंय.