यादवी आणि गळ

नदीकाठी गळ टाकून तासन् तास बसलेला माणूस दिसला, की रिकामटेकडेपणाचा याहून ठळक नमुना कोणता, असे आपल्या मनात येते. परंतु या रिकामपणाला इंग्रजी वाङ्मयात मानाचा पाट मिळवून देणारा ग्रंथ ज्या काळात लिहिला गेला, तो काळ स्वस्थ बसण्याचा मुळीच नव्हता.

हा ग्रंथ म्हणजे आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’. तो इ. स. १६५३ च्या मे महिन्यात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. किंमत अठरा पेन्स. त्याआधी जेमतेम महिनाभर, २० एप्रिलला, क्रॉमवेलने सैनिक आणून पार्लमेंटच्या सभासदांना बाहेर घालवले होते. त्यापूर्वी चार वर्षे, ३० जानेवारी १६४९ रोजी, राजा पहिला चार्ल्स याचा भर लंडनमध्ये शिरच्छेद झाला होता. १६४७ साली तर पार्लमेंटने नाताळाचा सणही कायद्याने बंद केला. घराघरांत राजाचे पक्षपाती आणि पार्लमेंटचे पक्षपाती अशी फूट पडली होती. आपण जिला यादवी म्हणतो, ती हीच.

वॉल्टन राजाच्या पक्षाचा. स्टॅफर्डला १५९३ साली जन्मलेला हा माणूस लंडनच्या फ्लीट स्ट्रीट भागात दुकानदारी करून नावारूपाला आला. संसारात मात्र त्याने फार सोसले. पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले लहानपणीच गेली आणि १६४० साली पत्नीही गेली. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत दुसऱ्या चार्ल्सचा पराभव झाला, तेव्हा मागे राहिलेले राजाचे एक रत्नजडित मानचिन्ह गुपचूप लंडनला पोचवण्यात वॉल्टनचा हात होता, अशी नोंद आहे. पकडला जाता तर प्राणाशी गाठ होती.

अशा माणसाने साठीच्या उंबरठ्यावर ग्रंथ लिहिला, तो लढाईवर नाही, राजावर नाही. मासे कसे धरावेत यावर!

लंडनच्या उत्तरेला ली नावाची नदी आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी एक मुरलेला गळवाला आणि एक वाटसरू तिच्या रोखाने निघतात. वाटसरू पुढे त्याचा शिष्य होतो. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला ठिपकेदार मासा, मोठा सावध. काठावर सावली हलली, तरी दडून बसतो. त्याच्यासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वळायची. गळाला कधी गांडूळ लावायचे, कधी इवलीशी मासोळी, तर कधी पिसे आणि रेशीम बांधून हुबेहूब बनवलेली खोटी माशी.

इतके सगळे करून होते काय? दोन तास जातात, आणि एक मासाही हलत नाही. शिष्य कुरकुरतो. गुरू रागवत नाही. पावसाची सर येते, तेव्हा दोघे झाडाच्या आडोशाला बसून गप्पा मारतात. वाटेत एक गवळण आणि तिची मुलगी भेटते. गुरू त्यांना आपला मासा देऊन टाकतो आणि बदल्यात गाणे ऐकतो. संध्याकाळी खाणावळीत तळलेला ट्राउट, स्वच्छ अंथरूण आणि चार माणसांची सोबत. बाहेर देश पेटलेला असताना पुस्तकभर कोणी कोणाला त्याचा पक्ष विचारत नाही. मला या पुस्तकातली मोठी गोष्ट हीच वाटते. ग्रंथाचा शेवटही शांत राहण्याचा उपदेश करणाऱ्या बायबलातल्या एका वचनाने होतो. सर्वस्व गमावलेल्या माणसाने तो सांगावा, याला वजन आहे.

वॉल्टनच्या हयातीत या पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला त्याच्या तरुण मित्राने, चार्ल्स कॉटनने, दुसरा भाग जोडला. वयाने सदतीस वर्षांनी लहान असलेला कॉटन त्याला वडील म्हणत असे. डर्बीशर आणि स्टॅफर्डशर यांच्या सीमेवरून वाहणारी डव्ह ही कॉटनची घरची नदी. तिच्या काठी १६७४ साली त्याने गळवाल्यांसाठी एक छोटी दगडी वास्तू बांधली आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरून घेतली.

कॉटन लिहितो, की वॉल्टनने तो कोरलेला दगड पाहिला होता. पण तो जागेवर बसलेला मात्र पाहिला नव्हता. म्हातारा शेवटचा येऊन गेला, तेव्हा भिंती दाराच्या कमानीपर्यंतही आल्या नव्हत्या. त्या उन्हाळ्यातही येणे जमेलसे दिसत नाही, असे त्याने कळवले होते. १६८३ च्या डिसेंबरात, नव्वदाव्या वर्षी, वॉल्टन वारला. कर्जापायी कॉटनचा वाडा गेला. पुढे तो पाडलाही गेला. ती दगडी वास्तू मात्र डव्हच्या काठी अजून उभी आहे.